कॅप्टन हेन्सची चाकरी आणि एका खेचरवाल्याचे पदक

युनियनच्या माणसाने वसंत व्याख्यानात उभे राहून राणी व्हिक्टोरियाच्या काळातील एका आरमारी अधिकाऱ्याची कथा सांगावी, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीशी संपले. पुढचे सारे गिरणीच्या दारात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि फुकट वाचनालयात झाले. तेव्हा इतिहासकाराचा आव आणण्याचा आमचा इरादा नाही. पण आयुष्यभर आम्ही दोन गोष्टी हाताळत आलो : माणसाने केलेली चाकरी, आणि मालकाने केलेली तिची नोंद. आजचा विषय त्याच दोन गोष्टींचा आहे.

सुरुवात राळेगणसिद्धीला झाली. पारनेर तालुक्यातील या गावी आम्ही गेलो होतो ते इतर चौघांप्रमाणेच बंधारे आणि पाणलोटाची कामे पाहायला. कामे पाहून झाल्यावर एका पेन्शनर फौजी गृहस्थांच्या ओसरीवर चहाला बसलो. बोलता बोलता त्यांनी आतून पत्र्याची डबी आणली आणि तिच्यातून एक तांबूस, जड, रुपयापेक्षा मोठे नाणे काढून आमच्या हातावर ठेवले. एका बाजूला राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूला कमळाची फुले आणि बसलेल्या योद्ध्याला मान देणारी विजयदेवता. वर कडीला एक आडवी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत ब्रह्मदेशाचे नाव आणि १८८५–७ हे साल.

"आमच्या पणजोबांचं," ते म्हणाले. "लोक म्हणतात खोटं आहे. खरं असतं तर चांदीचं असतं."

आम्ही चष्मा पुसून पदकाची कड पाहिली. नाव होते, आणि नावाच्या आधी हुद्दा होता : ड्रायव्हर. त्या काळी मोटारी नव्हत्या. ड्रायव्हर म्हणजे खेचरे हाकणारा. पदक खरे होते. ते चांदीचे का नव्हते, हे शोधायला आम्हाला बरेच वाचावे लागले, आणि त्या वाचनात हा कॅप्टन हेन्स भेटला.

आधी पदकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत आपल्याकडे पुष्कळ घोटाळा आहे. छातीवरची सगळी पदके शौर्याची नसतात. शौर्यपदक एखाद्यालाच मिळते, त्याने अमुक दिवशी अमुक केले म्हणून. मोहिमेचे पदक निराळे. ते म्हणते एवढेच की, हा माणूस तिथे हजर होता. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर ती हजेरीपटावरची खूण. मोहीम बदलली की नवे पदक देण्याऐवजी पुष्कळदा जुन्याच पदकाच्या कडीत नवी पट्टी अडकवीत, आणि कडेवर माणसाचे नाव व पलटण कोरीत. म्हणून जाणता माणूस पदक हातात घेतल्यावर राणीचे तोंड पाहत नाही, कड पाहतो.

ही हजेरी मांडण्याची रीत इंग्रजांच्या फौजेत १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईपासून नीट रूढ झाली. त्या लढाईचे पदक सरदारापासून शिपायापर्यंत सर्वांना एकच मिळाले. आपल्याकडच्या लढायांची तऱ्हा मात्र निराळी. शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी लढली, हे आपणांस ठाऊक आहे. शिरूर म्हणजे राळेगणहून पुण्याच्या वाटेवरचे गाव. त्या लढाईची पट्टी असलेले पदक मंजूर झाले केव्हा, तर १८५१ साली! तेहेतीस वर्षांनी. आणि ते मिळाले तोपर्यंत जिवंत असलेल्यांना. लढाईत वाचणे पुरेसे नव्हते, लढाईनंतर आणखी तेहेतीस वर्षे जगण्याची कामगिरी करायला हवी होती. ज्या शिपायाने गावी जाऊन दोन दुष्काळ आणि एक पटकी पाहिली, त्याला ती कितपत जमली असेल, याचा हिशेब आपणच करावा.

मग १८५४ साली कंपनी सरकारच्या मुलखातील लहानमोठ्या मोहिमांसाठी एक सामाईक पदक निघाले. गडद तांबडी फीत, तिच्यात दोन निळे पट्टे. पुढची चाळीस वर्षे एकामागून एक पट्ट्या या एकाच पदकाला लागत गेल्या. राळेगणच्या डबीतले पदक याच जातीचे. साल ध्यानात ठेवावे : १८५४. कारण त्याच साली एका दर्यावर्दी अधिकाऱ्याला मुंबईच्या तुरुंगात घालण्यात आले, आणि त्याच्या छातीवर त्याने केलेल्या सर्वांत मोठ्या कामगिरीचे कोणतेच पदक नव्हते.

त्याचे नाव स्टॅफोर्ड बेटेसवर्थ हेन्स. त्याने एडन घेतले.

एडन म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते वासुदेव बळवंत फडके. १८७९ साली शिरूरकडच्या धामारीवर त्यांनी पहिला छापा घातला. पकडले गेल्यावर जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला नेले. १८८३ च्या फेब्रुवारीत दार बिजागऱ्यांतून काढून ते तुरुंगाबाहेर पडले, पुन्हा सापडले आणि त्याच महिन्यात तिथेच वारले. पुण्याच्या माणसाला अरबस्तानच्या टोकाला का नेले, असा प्रश्न शाळेत असताना आम्हाला पडे. त्याचे उत्तर साधे आहे. एडन हे तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होते. तिथला कारभार मुंबईच्या कौन्सिलमधून चाले, आणि ही व्यवस्था १९३२ सालापर्यंत टिकली. एडन मुंबईला जोडले गेले ते हेन्समुळे. आणि हेन्सला तिथे नेले ते कोळशाने.

कोळशाची गोष्ट आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत. इतिहासाच्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात, पण जिथे ओझे आहे तिथे आमची नजर आपोआप थांबते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट बांधली. १८२९ साली ती पाण्यात सोडली आणि १८३० च्या मार्चमध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली. तोवर विलायतेचे टपाल आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येई आणि महिनेच्या महिने खाई. तांबड्या समुद्राच्या वाटेने ते निम्म्याहून कमी वेळात पोचणार होते. अडचण एकच. बोटीच्या पोटात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे आणि एडन होते अकरा दिवसांवर. मग जागा मिळेल तिथे कोळसा रचला, उतारूंच्या खोल्यांतसुद्धा. पाण्यात पार रुतलेली ती बोट अकराव्या दिवशी एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा उरला होता. आणि पुढचा कोळसा भरण्यात दिवसांमागून दिवस गेले, कारण त्या उजाड किनाऱ्यावर पाट्या वाहायला पुरेसे हमालच मिळेनात! बंदरे तोफांनी जिंकली जातात हे खरे, पण ती चालतात पाट्यांवर.

तेव्हा मुंबई सरकारला वाटेत कोळशाची वखार हवी झाली. आधी सोकोत्रा बेट पाहिले. तिथे पाठवलेली माणसे तापाने मेली. मग नजर एडनवर गेली. हेन्स त्या वेळी कंपनीच्या आरमारात, ‘पॅलिन्युरस’ जहाजावर अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची मोजणी करीत होता. या कामात लढाई नसते. शिसे दोरीला बांधून पाण्यात सोडायचे, खोली मोजायची, खडक नकाशावर मांडायचा, आणि हे वर्षानुवर्षे उन्हात करायचे. जहाजावर साहेब बोटांवर मोजण्याइतके. डोलकाठीवर चढणारे आणि होड्या वल्हवणारे बहुतेक आपले देशी खलाशी, त्यांत कोकणातले पुष्कळ. हेन्सच्या मोजणीचे वृत्तान्त पुढे लंडनच्या भूगोल मंडळाच्या नियतकालिकात छापले गेले. दोरी सोडणाऱ्यांची नावे त्यांत शोधू नयेत.

१८३७ च्या जानेवारीत ‘दर्या दौलत’ नावाचे हिंदी मालकीचे आणि इंग्रजी निशाणाचे जहाज यात्रेकरूंना घेऊन जात असता एडनजवळ फुटले. किनाऱ्यावरच्या लोकांनी ते लुटले आणि उतारूंची विटंबना केली. मुंबई सरकारला हवे होते ते निमित्त मिळाले. भरपाई मागायला आणि जमल्यास बंदर विकत घ्यायला हेन्सला पाठवले. लाहेजच्या सुलतानाने १८३८ च्या जानेवारीत दरसाल ८,७०० रियालांवर बंदर देण्याचे कबूल केले. पण त्याच्या मुलाला ते मान्य नव्हते. हेन्सला पकडून कागद हिसकावून घेण्याचा बेत त्याने रचला आणि तो फसला. पुढे नाकेबंदी झाली, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी ‘व्होलेज’ व ‘क्रुझर’ या राणीच्या दोन युद्धनौकांनी सिरा बेटावरच्या तोफा बंद पाडल्या. गोरे आणि मुंबईच्या २४ व्या पलटणीचे देशी शिपाई मिळून सुमारे सातशे लोक किनाऱ्यावर उतरले. दुपारपर्यंत सारे आटोपले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत साम्राज्यात आलेला हा पहिला मुलूख.

आम्ही हेन्सचे वकीलपत्र घेतलेले नाही, हे इथे सांगून ठेवतो. दुसऱ्याच्या गावावर तोफा डागून ते घेणे म्हणजे काय, हे मराठी मुलखाला कोणी शिकवायला नको. एडनच्या अरबांनीही ते मुकाट्याने सोसले नाही. पुढच्या दोन वर्षांत गाव परत घेण्यासाठी त्यांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या मालकासाठी हे केले त्या मालकाने काय केले?

पहिली गोष्ट म्हणजे त्याने पदक काढले नाही. ज्या पलटणी उतरल्या त्यांना निशाणावर एडनचे नाव लावण्याचा मान पुढे मिळाला, पण माणसाच्या छातीवर लावायला काही नाही. आता मौज पाहा. त्याच वर्षी, अवघ्या सहा महिन्यांनी, २३ जुलै १८३९ रोजी मुंबईचे सरसेनापती सर जॉन कीन यांच्या हाताखालच्या फौजेने अफगाणिस्तानातील गझनीचा किल्ला घेतला. त्याचे पदक निघाले, आणि ते किल्ल्यावर चालून गेलेल्या गोऱ्या व देशी सर्वांना मिळाले. कीनसाहेब सरदार झाले आणि त्यांच्या पदवीत गझनीचे नाव आले. ती अफगाण मोहीम तीन वर्षांत धुळीला मिळाली. एडन मात्र १९६७ पर्यंत इंग्रजांच्या हाती राहिले. हजेरीपट कोणाच्या हातात आहे, यावर हजेरी लागते, ही गोष्ट कामगाराला नवीन नाही.

हेन्सला पदकाऐवजी काम मिळाले. तो एडनचा पहिला पोलिटिकल एजंट झाला आणि पंधरा वर्षे तिथून हलला नाही. त्याने गाव घेतले तेव्हा तिथे सहाशेच्या आसपास वस्ती होती. तो गेला तेव्हा ती वीस हजारांच्या घरात होती. १८५० साली बंदर जकातमुक्त झाले. अरब, सोमाली, यहुदी, मुंबईचे व्यापारी, सगळे येऊन वसले. हेन्स न्याय करी, तह करी, भोवतालच्या टोळ्यांना वर्षासने वाटी, कोळसा खरेदी करी आणि खजिन्याची किल्लीही तोच सांभाळी. हाताखाली माणसे मोजकी. खजिन्यासाठी आणि हिशेबासाठी जादा माणूस द्या, असे तो मुंबईला लिहीत राहिला. मुंबई खर्चाचे कारण सांगून नकार देत राहिली. राज्य वाढवा, पण कारकून मागू नका.

१८५४ साली हिशेब तपासायला माणसे आली, आणि सुमारे अठ्ठावीस हजार पौंडांची तूट निघाली. हेन्सला मुंबईस बोलावून अफरातफरीचा खटला भरला. ज्यूरीने निर्दोष सोडले. दुसरा खटला भरला. पुन्हा निर्दोष. पैसे हेन्सने खाल्ले हे कोणत्याही ज्यूरीला पटले नाही. तेव्हा कंपनीने तिसरी वाट धरली : चोरी नसेल, पण देणे तर आहे! त्या देण्यापायी त्याला दिवाणी तुरुंगात ठेवण्यात आले. काम सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

इथे थोडे आमचे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यातील स्टोअरकीपरचे प्रकरण आमच्याकडे आले होते. माणूस वीस वर्षे नोकरीत होता. आदल्याच वर्षी व्यवस्थापनाने त्याला समारंभ करून चांदीचा मुलामा दिलेले पदक दिले होते. मग स्टोअरमध्ये तूट निघाली. खातेनिहाय चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने बसलो. फाइल उघडली तर तिच्यातच त्याचे पाच अर्ज : दोन पाळ्यांचा माल एकटा मोजू शकत नाही, मदतनीस द्यावा. प्रत्येक अर्जावर साहेबाची सही आणि ‘दाखल’ हा शेरा. चोरी सिद्ध झाली नाही, पण तुटीची रक्कम त्याच्या देण्यातून वळती करून घेतली. पुढे हेन्सची हकिगत वाचताना त्या फाइलचा वास आमच्या नाकाला आला.

हेन्स किती वर्षे आत राहिला, तर सहा. आणि त्या सहा वर्षांत बाहेर काय काय घडले! एडनला त्याच्या जागी गेला जेम्स आउटरॅम. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा म्हणून आपल्याकडे ज्याचे नाव आहे, तोच. पुढे १८५६–५७ साली इराणवर स्वारी झाली. तिचे सेनापतिपद आउटरॅमकडेच आले, आणि बुशायरच्या किल्ल्यावर तोफा डागायला हेन्सचेच आरमार गेले. ज्या जहाजांवर आणि ज्या सोबत्यांत त्याने उमेद घालवली, त्यांना १८५४ च्या पदकावर इराणची पट्टी मिळाली. हेन्स त्या वेळी मुंबईच्या तुरुंगात होता. १८५७ चे बंड झाले. १८५८ साली तर खुद्द कंपनी सरकारचाच कारभार संपला आणि राज्य राणीकडे गेले. धनको उरला नाही, पण ऋणको आतच.

१८६० साली सर जॉर्ज क्लार्क गव्हर्नर होऊन आले आणि त्यांनी हेन्सला सोडले. प्रकृती पार ढासळली होती. मायदेशी नेणाऱ्या जहाजावर त्याला चढवले, आणि ते मुंबई बंदरातून बाहेर पडण्यापूर्वीच, १६ जून रोजी, तो वारला. त्यानंतर तीन वर्षांत कंपनीचे ते लढाऊ आरमारही मोडीत निघाले.

आता राळेगणच्या डबीकडे परत येऊ. १८५४ चे पदक सुरुवातीला सर्वांना चांदीचेच मिळे, साहेब असो की शिपाई. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला कैद केले. त्याला पुढे आपल्याच रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली तो तिथेच वारला. राजा गेला तरी ब्रह्मी लोक रानावनातून लढत राहिले आणि मोहीम लांबली. या ब्रह्मदेशच्या पट्टीपासून सरकारने नवा नियम केला. लढणाऱ्याला चांदीचे पदक. पण डोलीवाले, झाडूवाले, खेचरवाले अशा देशी चाकरांना तेच पदक, तीच राणी, तेच कमळ, फक्त ब्राँझचे. एकाच मोहिमेतील हजेरी दोन धातूंत! रान तेच होते, ताप तोच होता. दारूगोळा खेचरावरून वेळेत पोचला नसता तर चांदीवाल्याची बंदूक लाकडाच्या दांडक्यासारखी झाली असती.

हे आम्ही त्या गृहस्थांना पुढच्या फेरीत जाऊन सांगितले. पदक खोटे नाही, पणजोबा तिथे होते, फक्त सरकारच्या लेखी ते ब्राँझचे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. चांदीचं असतं तर बहात्तरच्या दुष्काळात मोडलं असतं."

त्याच गावचे अण्णा हजारे १९६० साली लष्करात भरती झाले आणि तिथे ट्रक चालवीत. खेचरवाल्याचेच काम, इंजिनावरचे. १९७५ साली ते सेवेतून बाहेर पडले. पुढे २०११ साली, आंदोलनाच्या धामधुमीत, ते लष्करातून पळून आले असे कोणी उठवले, तेव्हा माहितीच्या अधिकारात लष्कराला विचारणा झाली. उत्तर आले की ते सन्मानाने सेवामुक्त झाले. त्यांच्या नावावरच्या पदकांत संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार ही १९७१ च्या युद्धाची दोन आहेत. स्वतंत्र हिंदुस्थानच्या या पदकांना ड्रायव्हरसाठी एक धातू आणि कर्नलसाठी दुसरा, असा भेद नाही. आणि नोंद नीट राहिली म्हणून एका ओळीत कंडीचे तोंड बंद झाले. हेन्सच्या आणि आमच्या स्टोअरकीपरच्या नशिबी तशी ओळ नव्हती.

निघताना त्या गृहस्थांनी विचारले, पदक चिंचेने घासून लख्ख करू का? दर दसऱ्याला ते विळा-कोयत्यांबरोबर पूजेत मांडतात आणि आदल्या दिवशी घासतात, असे कळले. आम्ही नको म्हणालो. घासून घासून राणीचे नाक जवळजवळ गेलेच आहे. कड मात्र कोणी घासली नव्हती, म्हणून नाव राहिले.